ताकदीचं इंजेक्शन

"पॅन्ट खाली कर. लाजतोस काय, बाई आहेस का?"

डॉक्टर हसला. कंपाउंडर हसला. दारात उभा असलेला माझा दादाही हसला. पंचवटीतल्या त्या दवाखान्यात पडदासुद्धा ओढला नव्हता. बाकावरचे पेशंट बघत होते. आणि मी बाईच होते. मुलाच्या अंगात वाढलेली, विशीतली बाई. अशक्तपणा आलाय म्हणत दादा मला ताकदीचं इंजेक्शन द्यायला आणायचा.

घरी मी चोरून पाळणा लांबवायच्या गोळ्या खायचे, त्यात बायकी हार्मोन असतं म्हणून. माझ्यासारख्या, मुलाच्या अंगात अडकलेल्या बऱ्याचजणी खायच्या. विचारायचं कुणाला? जास्त खाल्ल्या की लवकर बाई, एवढीच आमची अक्कल. छाती हुळहुळायला लागली तेव्हा देव पावला वाटलं. मग उलटंच झालं. दाढी राठ झाली, पाठ पुरळानं भरली, घामाला उग्र वास. मी गोळ्या वाढवल्या. पोटात ढवळायचं, पोटऱ्या ठणकायच्या, दाढी वाढतच होती. आरशात बघितलं की माझीच किळस यायची.

नाशिकरोडची एक जुनी मैत्रीण रागावली. रक्तात बायकी हार्मोन किती, पुरुषी किती, हे कळल्याशिवाय गोळीला हात लावू नको म्हणाली. तपासलं. पुरुषी भलतंच वर. लॅबमधल्या बाईंनी विचारलं, "टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेता का?"

पुढच्या खेपेला डॉक्टर सुई भरत होता. यात काय आहे, मी विचारलं. त्यानं लपवलंसुद्धा नाही.

"तुझ्या भावानंच सांगितलंय. लग्नाआधी पुरुष करून द्या म्हणाला."

सायखेड्याची मुलगी ठरवून ठेवली होती म्हणे. म्हणजे माझ्याबरोबर तिचाही बळी. मला शिसारी आली. बैल खच्ची करतात, तेही उघड्यावर करतात. यांनी औषध म्हणून टोचलं. आणि करवलं कुणी, तर माझ्या थोरल्या भावानं.

मी डॉक्टरचा हात झटकला. सुई खाली पडली.

"परत हात लावलात, तर काय टोचता ते गल्लीभर ओरडून सांगेन."

दादा म्हणाला, घरी चल. मी थेट सायखेड्याच्या एसटीत बसले. मुलीच्या बापाला त्याच्याच ओट्यावर सांगितलं, मी बाई आहे, लग्न होणार नाही. त्यानं शिव्या दिल्या. मी ऐकून घेतल्या.

आता दुसऱ्या एक डॉक्टरीणबाई रक्त तपासून गोळ्या कमीजास्त करतात. मला विचारून करतात. दादाचा निरोप येतो, झालं गेलं विसर. विसरणार नाही. माझ्या अंगात काय जाईल ते मी ठरवणार, आणि दादाला, त्या डॉक्टरला माफी नाही.