प्रभारी प्राचार्या

रेवती डसीलाच्या घरात दोन पक्ष होते आणि दोन्ही पक्षांचा स्वयंपाक एकाच चुलीवर व्हायचा. ती ‘तदर्थ’, म्हणजे तात्पुरती घेतलेली; तिचा नवरा त्रिलोचन ‘सरळ भरतीचा’. कुमाऊँच्या डोंगरात सरकारी शाळेतल्या कुणालाही एवढं सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. तो आधी बायकोकडे बघतो, मग नवऱ्याकडे बघतो आणि गुपचूप चहा मागवतो.

रेवती नोकरीला लागली तेव्हा वरच्या गावांत जायला कुणी तयार नव्हतं. खात्यानं मिळेल त्या पदवीधराला तात्पुरतं म्हणून उचललं आणि पार बर्फाच्या अंगाच्या शाळांवर नेऊन टाकलं. तिच्या शाळेच्या खिडक्यांना काचा नव्हत्या. भूगोलाचे नकाशे ओले व्हायचे, म्हणून ती ते खोलीवर आणून अंथरुणाखाली घालायची. तात्पुरतं तात्पुरतं म्हणता म्हणता तिचे केस पिकायला लागले, तेव्हा कुठे खात्यानं तिला कायम केलं.

त्रिलोचन मधल्या काळात आयोगाची परीक्षा देऊन आला. पहिल्या दिवसापासून कायम. पण बारावीच्या पोरांसमोर उभा राहिला की त्याच्या हातातला खडू मोडायचा. खालच्या एका शाळेत दोघं काही काळ एकत्र होते; वर्ग कसा आवरायचा हे त्याला रेवतीनं तिथे शिकवलं. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, बदल्या होत होत दोघं खाली सिलखेतच्या आसपास आले. ती सिलखेतला भूगोल शिकवायची, तो शेजारच्या गावी रसायनशास्त्र.

आता प्रश्न एवढाच, की ज्येष्ठ कोण? शाळेत पाऊल टाकलं त्या दिवसापासून मोजलं तर रेवती. कायम झाल्यापासून मोजलं तर त्रिलोचन. जो ज्येष्ठ, त्याला प्राचार्यपदाची बढती. हे भांडण हायकोर्टात गेलं आणि निकाल लागेपर्यंत सगळ्याच बढत्या थांबल्या. डोंगरातल्या शाळाशाळांत प्राचार्यांच्या खुर्च्या रिकाम्या पडल्या. सिलखेतच्या इंटर कॉलेजातली (नाव कॉलेज, पण शाळाच ती, सहावी ते बारावी) खुर्ची रेवतीच्या गळ्यात पडली. प्रभारी म्हणून. पगार शिक्षिकेचा, तासही शिक्षिकेचे, आणि वर पोषण आहाराचा तांदूळ, निवडणुकीची कामं, नळाला पाणी का नाही याचा जाब, आणि पालकांच्या शिव्या.

हे तिनं निभावलं. कुरकुरत निभावलं, पण निभावलं. एके दिवशी नीरज गडिया नावाचा तिच्या शाळेतला तरुण शिक्षक स्टाफरूममध्ये हळूच म्हणाला, “दीदी, वाईट वाटून घेऊ नका. पण तदर्थ लोकांविरुद्ध जी याचिका आहे ना, तिच्यात भाऊजींचं नाव आहे. अगदी वरच.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. उरलेले दोन तास तिनं कसे घेतले ते तिचं तिला ठाऊक.

त्रिलोचन घरी आला तेव्हा ती चुडकाणी, म्हणजे काळ्या सोयाबीनची आमटी, ढवळत होती.

“मास्तर,” ती म्हणाली. राग आला की ती त्याला मास्तर म्हणायची. “कोर्टात कुणाकुणाला खेचलंय तुम्ही?”

त्यानं पिशवी खाली ठेवली. “तुझ्याविरुद्ध नाही गं ते. खात्याविरुद्ध आहे.”

“प्रतिवादींत माझं नाव आहे की नाही?”

“सगळ्याच तदर्थांची आहेत. तुझं एकटीचं वगळा म्हटलं असतं तर लोक हसले असते.”

“मग आता काय करतायत? रडतायत?”

“हे बघ, नियम तो नियम. मी परीक्षा देऊन आलोय. आम्ही काय मूर्ख म्हणून परीक्षा दिली?”

“तुम्ही खाली कंदिलाशी पुस्तकं घोकत होतात तेव्हा मी वर काय करत होते? बर्फात खेळत होते? त्या शाळेत जायला एक तरी परीक्षावाला तयार होता का? होता का, मास्तर?”

सासू दारात बसून मडुव्याचं, म्हणजे नाचणीचं, पीठ चाळत होती. ती म्हणाली, “अगं, दोघांतलं कुणीही मोठं झालं तरी घर एकच ना?”

“नाही, सासूबाई,” रेवती म्हणाली. “यांच्या कागदाप्रमाणे मी या घरात कनिष्ठ आहे. विचारा त्यांना.”

चुडकाणी तिनं सगळ्यांना वाढली, स्वतः जेवली नाही. त्या दिवसापासून ती नवऱ्याशी कामापुरतंच बोलायची.

त्याच पावसाळ्यात एका रविवारी शाळेच्या विज्ञानाच्या खोलीचं छत बसलं. आत कुणी नव्हतं, म्हणून निभावलं. सोमवारी पडलं असतं तर नववीचा वर्ग तिथे असता. रेवतीनं ढिगाऱ्यात मोडलेले बाक पाहिले आणि ती तिथेच भिंतीला धरून उभी राहिली. त्या छताबद्दल तिनं वर इतक्यांदा कळवलं होतं की तिकडचा कारकून तिचा आवाज ऐकला की म्हणायचा, “बोला, छतवाल्या मॅडम.”

आठवड्याभरात तिलाच नोटीस आली. पाठोपाठ चौकशीला लोहनी नावाचे अधिकारी आले. बुटाचा चिखल पुसत ते तिच्या समोर बसले.

“मॅडम, प्राचार्या म्हणून ही जबाबदारी तुमची होती.”

“कोण प्राचार्या?”

“म्हणजे... तुम्हीच की.”

“हुकूम दाखवा.”

“अहो, या खुर्चीत बसता ना तुम्ही?”

“खुर्चीत मांजरही बसतं, साहेब. छत पडलं की मी प्राचार्या, आणि बढतीचं विचारलं की मी तात्पुरती. दुरुस्तीला चार पत्रे मागितले की ‘तुम्हाला अधिकार नाही’, आणि पडलं की सगळा अधिकार माझा! एक काय ते ठरवा. आत्ता मला प्राचार्या करा, मी आत्ता सही करते, की हो, माझ्या चुकीनं छत पडलं. आहे तयारी?”

लोहनी कसनुसं हसले. “रागावू नका. चहा घ्या.”

“चहा माझ्याच शाळेचा आहे. तुम्ही घ्या.”

तिनं कपाटांच्या, कोठीच्या, कार्यालयाच्या किल्ल्या काढून टेबलावर आपटल्या आणि सातवीच्या वर्गावर निघून गेली. बाहेर उभे असलेले शिक्षक बाजूला सरकले. वर्गात तिनं नद्या शिकवल्या. आवाज इतका चढला होता की एक मुलगी रडायला लागली, मग मात्र रेवती पाणी प्यायला बाहेर आली.

प्रभार घ्यायला कुणीच पुढे येईना. सही करणारं कुणी नाही म्हणून सगळ्यांचे पगार अडकले. आठ दिवस ज्यांनी ‘वा दीदी, काय सुनावलंत’ म्हणून पाठ थोपटली, तेच नवव्या दिवशी तोंड फिरवायला लागले. नीरज म्हणाला, “दीदी, तुमचा राग खरा आहे. पण त्याचे चटके आम्हाला का?”

“मग घे किल्ल्या,” ती म्हणाली.

शेवटी त्यानंच घेतल्या, सगळ्यांत नवख्यानं. तो गोंधळायचा, चुकायचा, तिच्याकडे आशेनं बघायचा. तिनं महिनाभर त्याला एक अक्षर सांगितलं नाही. पुढे तिला या वागण्याची लाज वाटली, पण त्या महिन्यात नाही वाटली.

नोटिशीचं पुढे काहीच झालं नाही. चूक झाली असंही कुणी म्हटलं नाही आणि तुमची चूक नव्हती असंही नाही.

त्रिलोचन मात्र एक दिवस शहरात वकिलाकडे जाऊन आला. अंगणात तिच्या शेजारी उभं राहून म्हणाला, “काढलं नाव.”

“मग? मिटला खटला?”

“छे. बाकीचे आहेत ना.”

“मग कशाला काढलंत?”

“तुझ्यासाठी.”

“माझ्यासाठी घालायचंच नव्हतं,” ती म्हणाली आणि कपडे वाळत घालत राहिली.

सरळ भरतीवाले त्याला बायकोचा बैल म्हणू लागले, संघटनेच्या बैठकीला बोलावीनासे झाले. तदर्थवाल्यांनी त्याला आपलं मानलं नाही ते नाहीच. रेवतीला ते दिसायचं. हळूहळू ती त्याला मास्तर म्हणायची थांबली, पण ‘बरं केलंत’ असं तिच्या तोंडून कधी निघालं नाही.

दोघंही साधे शिक्षक म्हणूनच निवृत्त झाले. आधी ती, मग तो.

त्यानंतर निकाल लागला: सेवा पहिल्या दिवसापासून धरावी. नीरज मिठाईचा पुडा घेऊन धावत आला. “दीदी, जिंकलात! प्राचार्या झालात, मागच्या तारखेपासून!”

“पगाराचा फरक?”

“तो नाही. बढती काल्पनिक आहे. खात्याचा शब्दच तसा आहे, काल्पनिक पदोन्नती.”

“म्हणजे मी प्राचार्या होते, फक्त मला कुणी सांगितलं नव्हतं?”

त्रिलोचनला हसू आलं. तिच्याकडे बघून त्यानं ते गिळलं.

तदर्थ संघटनेनं जिल्ह्याच्या गावी सत्कार ठेवला. ज्यांच्या बाजूनं निकाल लागला ते म्हातारे शिक्षक पहिल्या रांगेत, गळ्यात झेंडूच्या माळा. दोघे तर तोपर्यंत वारलेही होते. त्यांच्या बायका माळा हातात धरून बसल्या होत्या. रेवतीला बोलायला उभं केलं. तिनं शाल खांद्यावरून काढून खुर्चीच्या पाठीवर टाकली.

“टाळ्या कसल्या वाजवताय?” ती म्हणाली. “सरळवाल्यांनी आम्हाला अडवलं, आम्ही त्यांना अडवलं, आणि खातं फुकटात राबणारे प्रभारी मिळाले म्हणून वर बसून हसत होतं. खात्याला घाई कशाची असणार? आपण एकमेकांच्या उरावर बसलो होतो ना! माझ्या घरातसुद्धा. आज मला वरातीमागून घोडं दिलंय. त्यावर मी कुठे बसून मिरवू? सिलखेतला आजही प्राचार्य नाही. त्याबद्दल भाषणं करा, नाहीतर गप्प बसा.”

अध्यक्षांनी माईककडे हात नेला. ती आपणहूनच खाली उतरली.

परतीच्या जीपमध्ये दोघं मागच्या बाकावर दाटीवाटीनं बसले. दोन वळणं गेल्यावर त्रिलोचन हळूच म्हणाला, “जरा तोडूनच बोललीस. बिचाऱ्यांनी हौसेनं बोलावलं होतं.”

“अजून अर्धं बोलायचं राहिलंय.”

“मग बोल की.”

“इथे?”

“ऐकू दे सगळ्यांना. दूर जायचंय अजून.”

आणि रेवती बोलायला लागली. पुढे बसलेल्या माणसानं ड्रायव्हरला गाणं बंद करायला सांगितलं.