दसऱ्याची चार लिंबं

हात रिकामे असले की मला बसवत नाही. बायको गेली त्याला सात महिने झाले. सकाळी उठतो, पोराच्या गाडीपाशी जातो, चाकं पुसतो. पोरगा म्हणतो, "बाबा, कालच तं पुसले." पुसले असतील. मी पुन्हा पुसतो.

मी चौथीपर्यंत शिकलो अन् जन्मभर दुसऱ्याच्या गाड्या चालवल्या. लकडगंजातल्या एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होतो. ऐंशी सालानंतर कधीतरी मालकानं मुंबईहून एक जुनी परदेशी गाडी आणली. तिची चाकं लोखंडी नव्हती, पांढऱ्या चकचकीत धातूची होती. आता त्यांना अलॉय म्हणतात. तेव्हा लोक थांबून हात लावून पाहायचे, अन् मालकापेक्षा मीच जास्त ताठायचो.

दसऱ्याची सकाळ होती. गाडीची पूजा व्हायची होती अन् मी नुकताच मौद्याहून पाहुणे घेऊन आलो होतो. चाकं तापलेली, ब्रेकच्या काळ्या भुकटीनं माखलेली. इंजिनाचं सामान आम्ही कॉस्टिक सोड्यानं धुवायचो. तोच गरम पाण्यात कालवला अन् मागच्या डाव्या चाकावर ओतला. चाक फसफसलं. पाणी मारून पाहतो तर अर्धं चाक काळं! घासलं तर आणखीच काळं. नोकरी गेली तर खोलीही जाणार, कारण आमची खोली त्याच आवारात मागं होती.

तेवढ्यात बायको पूजेचं ताट घेऊन आली. हळद, कुंकू, झेंडूचे हार, अन् चार चाकांखाली ठेवायला चार लिंबं. चाक पाहून म्हणाली, "सोडा लावला नं?"

"तुले गाडीतलं काय समजते? चूप राह्य वं."

"गाडीतलं नाही समजत. जर्मनच्या भगोन्याले सोडा लावला तं काळं पडते, तेवढं समजते. हे चाक त्याच भगोन्याचं नातलग होय."

ॲल्युमिनियमला आमच्याकडे जर्मन म्हणतात, पातेल्याला भगोना. मला तोवर सुचलंच नव्हतं.

तिनं आधी थंड पाणी मारून चाक निववलं. मग चारही लिंबं कापली.

"अवं, पूजेचे हायेत ते!"

"देवाले मी सांगीन. मालकाले तुमी सांगाल काय?"

तिनं रस पाण्यात पिळला, जुन्या लुगड्याचा मऊ बोळा केला अन् हलक्या हातानं फिरवला. लगेच धुवायचं, लगेच कोरडं करायचं, मग पुन्हा. काळं उतरलं. नटाजवळ अंगठ्याएवढा डाग तेवढा राहिला. डिकीतलं मेणाचं पॉलिश मी दिलं, ते तिनं पातळ लावून पुसून काढलं. म्हणाली, "आता धूळ चिकटणार नाही."

मालक, त्यांची आई, पाहुणे, सगळे आले. नवी लिंबं आणायला वेळच नव्हता. तिनं पिळलेल्या फोडी पालथ्या घालून चाकांखाली ठेवल्या. वरून अख्ख्या लिंबासारख्या दिसत होत्या. मी गाडी पुढं घेतली. मालकाची आई वाकून पाहते तर चपट्या साली, रसाचा थेंब नाही.

"वर्षाच्या सणाले वाळके लिंबं आणले! अवदसा कुठची!"

बायको म्हणाली, "माह्यीच चूक झाली, बाईजी."

त्याच वेळी मालकानं खिडकीतून माझा खांदा थोपटला. "वा गा! काय चमकवले चाकं! कसे केले?"

मी स्टिअरिंग धरून बसलो होतो. म्हणालो, "हाताची सवय हाय, मालक."

ती दोन पावलांवर उभी होती.

त्यानंतर म्हातारीनं तिला पूजेच्या ताटाला हात लावू दिला नाही. मालकाकडे होतो तोवर दर दसऱ्याला ती खोलीच्या दारातून पाहायची. मी मात्र बाकीच्या ड्रायव्हरांना शिकवत फिरलो: तापल्या चाकाला हात लावू नका, सोडा नको, मऊ कपडा घ्या, कोरडं करा, मग मेण. ते मला उस्ताद म्हणायचे. घरी ती म्हणायची, "उस्ताद, चहा घ्या," अन् हसायची. मालकाला खरं सांगायचं रोज ठरवायचो. मालक मेले, म्हातारी मेली, मी सांगितलं नाही.

यंदा सण करायचा नव्हता, पण सुनेनं गाडीची पूजा तेवढी केली. चाकांखाली लिंबं ठेवली. पोरानं गाडी हलवली, रस उडाला, अन् मला राहवलं नाही. मी मोठ्यानं बोललो, "सोडा मी लावला होता. चाक तुह्या सासूनं वाचवलं. शिव्या तिनं खाल्ल्या."

सून म्हणाली, "पण बाबा, आई तं सांगत होत्या की सोडा त्यांच्या हातून पडला, अन् चाक तुमी वाचवलं."

"कधी सांगितलं?"

"लय वेळा. हसून हसून सांगायच्या."

पोरानं खुर्ची आणली. पण मला बसवेना. कपडा घेतला, अन् रस उडालेली चाकं पुसायला लागलो.