सात रकाने, एकच नाव

मी कामचुकार नाही, हे आधीच सांगून ठेवते. मी घायकुती आहे. आणि घायकुती बाई कामचुकार बाईपेक्षा जास्त नुकसान करते, हे मला त्या ऑक्टोबरात कळलं.

बुलढाण्यात दोन खोल्यांच्या एका ऑफिसात मी ऑनलाइन अभ्यासक्रम तयार करायचं काम करते. अजूनही करते. कर्मचाऱ्यांची ट्रेनिंगं आता मोबाइलवर होतात, त्यांची पानं आम्ही जुळवतो. चित्रं, आवाज, प्रश्न, भरायचे रकाने. ज्याला दिसतं त्याला रकान्याशेजारी 'नाव', 'गाव' लिहिलेलं दिसतं. ज्याला दिसत नाही त्याला मोबाइल बोलून सांगतो, पण तो शेजारचं वाचत नाही. रकान्याच्या पोटात आम्ही वेगळं नाव भरून ठेवायचं असतं, तेच वाचतो. एक जरी पोट रिकामं राहिलं तरी आमच्या सॉफ्टवेअरची तपासणी लाल दाखवते. सगळी भरली की हिरवी.

आता खरं सांगते. आमच्या ऑफिसात सगळ्यांची एकच रीत. एका रकान्याच्या पोटात 'माहिती' लिहायचं आणि तोच रकाना कॉपी करून पानभर डकवत जायचं. तपासणी बिचारी पोट रिकामं नाही एवढंच बघते. हिरवं झालं की झालं! 'तक्रार नोंदणी'चा अभ्यासक्रम मी तसाच संपवला. सरांना ऐन वेळी आठवलं म्हणून पिनकोडचा रकाना मागाहून सगळ्यांच्या वर नेऊन बसवला. आणि 'अंध व्यक्तींना वापरता येतो' या ओळीखाली सही ठोकून मोकळी झाले. अंध व्यक्ती म्हणजे कोण, हा विचार मनाला शिवलासुद्धा नाही. आणि माझी मावसबहीण जन्मापासून आंधळी! धन्य माझी.

ही ताई डोणगावला असते. करारावर काम करते, घरी बसून लोकांच्या तक्रारींचे फोन घेते. सोमवारी तिचा फोन आला.

"काय व, कामात हायेस का? आमाले नवीन ट्रेनिंग आलं. शुक्रवारपर्यंत पास व्हा म्हनते. तीन खेपा देल्ल्या. नाई जमलं तर करार पुढं सरकत नाई."

"कायचं ट्रेनिंग?"

"तक्रार नोंदनीचं."

तो माझाच अभ्यासक्रम. फोन ठेवून तडक सरांकडे गेले. म्हटलं, एक अभ्यासक्रम उघडून दुरुस्त करायचा आहे. सरांनी मान वरसुद्धा केली नाही. "उघड ना. पन पयले लिहून दे का आधीची सही खोटी होती म्हनून. कोनाची सही हाय, मालूम हाय ना तुले?"

मालूम होतं. मी जागेवर येऊन बसले. मंगळवार गेला, बुधवार गेला. ताई हुशार आहे, काढेल काहीतरी वाट, अशा स्वतःलाच थापा मारत राहिले. ऑफिसात कुणी माझं नाव घेतलं तरी दचकायचे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

शुक्रवारी सुट्टी टाकली आणि एसटी धरली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीनची मळणी चालू होती, धुळीनं ऊन पिवळं पडलं होतं. सांगून टाकायचं, असं मेहकरपर्यंत पक्कं होतं. मेहकरला गाडी बदलली आणि तेही ढिलं पडलं.

ताई केस विंचरून, इस्त्रीची साडी नेसून खुर्चीवर बसली होती. "बरं झालं आलीस. पन सांगू नको काई. परीक्षा माही हाय."

मोबाइलनं एका बाईची तक्रार ऐकवली. ती ऐकून रकाने भरायचे होते. ताईनं बोट सरकवलं. "माहिती. लिहा." पुन्हा सरकवलं. "माहिती. लिहा." त्याच सुरात, सात वेळा.

"अवं, समद्यायचं एकच नाव!" ताई हसली. "असू दे. संग काम करनाऱ्या पोरीनं पाहून मले सांगून ठेवलं, वरून खाली कसे हायेत ते. पयला पिनकोड, मंग नाव, मंग गाव. मोजून भरते मी."

दिसायला पिनकोड वर होता, पण आमचं सॉफ्टवेअर ज्या क्रमानं रकाने बनवले त्या क्रमानं वाचतं. मागाहून बनवलेला पिनकोड तिला सगळ्यात शेवटी येणार होता. हे फक्त मला माहीत होतं. नावाच्या जागी तिनं पिनकोड भरला, गावाच्या जागी नाव.

"अनुत्तीर्ण. दोन प्रयत्न शिल्लक."

"मोजन्यात चुकलं असन माह्यं," ताई म्हणाली.

'पिनकोड शेवटी येतो.' एवढंच बोलायचं होतं. पण तुले कसं मालूम, असं तिनं विचारलं असतं. मग ती सही निघाली असती, मग माझी नोकरी. दुसऱ्या खेपेला ताईनं रकान्यागणिक एकेक बोट दुमडत सावकाश भरलं. पुन्हा तेच. तिनं पाणी मागितलं. मी तांब्या दिला.





पाणी पिऊन तिनं तांब्या खाली ठेवला. मग म्हणाली, "हे काम गेलं तं मंग घरात बसनंच हाय. आंधळ्या मानसाले घरात बसवनं लोकायले लय सोपं वाटते." आणि तिसऱ्यांदा भरायला घेतलं, त्याच क्रमानं.

"अनुत्तीर्ण. प्रयत्न संपले."

ताईनं मोबाइल मांडीवर ठेवला. "मीच कच्ची," ती पुटपुटली.

ते मात्र मला सहन झालं नाही. रडत रडत सगळं ओकले. ताई, ते रकाने मी केले. एकच नाव मीच डकवलं. पिनकोड मी मागून बसवला, तो शेवटी येतो. अंधांना चालतं म्हणून सही माझीच आहे. माझं नाक पुसून होईपर्यंत ताई थांबली.

"पयली खेप गेली तवा तू इथंच बसली होती ना?"

"हो."

"दोन बाकी होत्या."

ती उठली, सरळ दारापाशी गेली आणि दार उघडून धरलं.

"चारले मेहकरची गाडी हाय," म्हणाली. "नीघ."