खाला जिवंत आहे

आमच्या घरातल्या भेटीगाठी ओमानमध्येच होतात. अम्मी रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात, आणि तिची सख्खी मोठी बहीण, म्हणजे आमची खाला, लग्न होऊन कराचीला गेलेली. खालाला इकडचा व्हिसा मिळत नाही, अम्मीला तिकडचा मिळत नाही. त्यामुळे मी ओमानमधल्या सोहारला कारखान्यात लागलो तेव्हापासून माझं तिथलं भाड्याचं घर म्हणजे दोघींचं माहेर झालं. दोघी यायच्या, एका पलंगावर झोपायच्या, भाकरीच्या पिठाची उकड कुणाची चांगली यावरून भांडायच्या आणि विमानतळावर रडून आपापल्या देशाला जायच्या.

या वेळी खाला आली, अम्मी आली नाही. कारण माझी मुलगी.

मुलगी इथल्या इंडियन स्कूलमधली, मराठी अडखळत बोलणारी. पुण्यात इंजिनियर झाली आणि संरक्षण खात्याच्या एका प्रयोगशाळेत तिची निवड झाली. लहानपणापासून तिला हेच हवं होतं. आता फक्त चौकशी व्हायची होती. परदेशात नातेवाईक कोण, कुठल्या देशाचे नागरिक, त्यांच्याशी संबंध काय, सगळं लिहून द्यायचं. मी फोनवर म्हटलं, आजीच्या बहिणीला कोण विचारतंय, सोड तो विषय.

"पप्पा, ती आपल्या घरी येऊन राहते. मी लिहिणार," ती म्हणाली, आणि लिहिलंच.

मी बरेच दिवस तिच्याशी धड बोललो नाही. राग कसला, भीतीच होती ती. कराची हा शब्द कागदावर आला की साध्या पासपोर्टसाठीसुद्धा आमच्या भाऊबंदांना किती हेलपाटे पडतात, ते मी पाहिलेलं. इथे तर पोरीचं सगळं आयुष्य टांगणीला लागलं होतं. मी अम्मीला सांगितलं, चौकशी संपेपर्यंत इकडे येऊ नकोस, आत्ताच दोघी भेटलात तर उगाच डोळ्यांवर येईल. माझ्या कारखान्याच्या मालकाने, अर्बाबने, खालाचा व्हिसा आधीच काढून दिला होता, त्यामुळे ती मात्र आली. तिने काही विचारलं नाही. पण दारावरची बेल वाजली की मान वर करायची.

एका शुक्रवारी मी नमाजाहून आलो तेव्हा खाला तांदळाच्या भाकऱ्या करत होती. तेवढ्यात अम्मीचा फोन आला. खालालाही ऐकू यावं म्हणून मी स्पीकर लावून फोन ओट्यावर ठेवला.

अम्मी खुशीत होती. चौकशीचा पोलीस गावात येऊन गेला होता. तिने त्याला बसवलं, चहा दिला, सांदणं खायला घातली. मग त्याने विचारलं, कराचीला तुमची बहीण असते ना? मोहल्ल्यातल्या बायकांनी आधीच अम्मीचे कान भरले होते, की पाकिस्तानचं नाव निघालं तर नातीची नोकरी गेलीच म्हणून समज.

"मी सांगितला, ती कवाच मेली," अम्मी म्हणाली. "इषयच संपवला."

खालाचा हात तव्यावरच थांबला. मी भडकलो. पोरीने जिवंत म्हणून लिहिलंय, तू मेली म्हणून सांगतेस, म्हणजे आता पोरगीच खोटी ठरली की, कळतंय का तुला? काय काय बोललो कोण जाणे. तिकडून अम्मीच्या रडण्याचा आवाज यायला लागला.

खालाने गॅस बंद केला आणि पिठाच्या हातांनीच फोन जवळ ओढला.

"गो, ऐकलाय मी. उद्या ठाण्यात जा नि सांग, बहीण जिती हाय. पोरीने लिवलान ता खोटा पडू नये."

अम्मी माफी मागायला लागली तर खालाने तिची थट्टाच केली. मेलेच आहे तर जियारतीचं जेवण तरी झकास घाल म्हणाली, मटण कमी पडायला नको. अम्मी रडता रडता हसली. फोन बंद झाल्यावर खाला हात धुवायला म्हणून गेली ती किती तरी वेळ बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी अम्मी खरंच ठाण्यात गेली. तिला बराच वेळ बाकावर बसवून ठेवलं, मग जबाब घेतला. आधी खोटं का बोललात, शेवटचं कधी भेटलात, काय बोलता. गुडघे आणि सुना, दुसरं काय बोलणार, असं तिने सांगितलं म्हणे. मुलीलाही खुलासा द्यायला बोलावलं. तिला काय काय विचारलं ते ती सांगत नाही. निकाल अजून आलेला नाही. नोकरी मिळेल की नाही, कुणालाच ठाऊक नाही, आणि मी विचारायचंही सोडलंय.

खालाचा व्हिसा संपला. मी तिला मस्कतच्या विमानतळावर सोडायला निघालो. गाडीतून अम्मीला फोन लावून खालाकडे द्यायला लागलो, तर अम्मी आधी माझ्याशीच बोलली. आवाज बारीक झाला होता तिचा.

"तिला सांग, मी सरकारात लिवून दिलाय ती जिती हाय म्हणून. आता माझी भेट होईस्तोवर मरायचा नाय."

मी फोन खालाच्या हातात दिला.