भुताच्या सिनेमातून कापलेले मामा

मला भुताचे सिनेमे अजिबात आवडत नाहीत. पांढरी साडी, मोकळे केस, दार करकरलं की झालं यांचं काम! तरी मागच्या वर्षी तसल्याच एका जुन्या हिंदी सिनेमाची डीव्हीडी मी मुंबईहून मागवली आणि ती हातात पडेपर्यंत कुरिअरवाल्याचं डोकं खाल्लं. कारण त्या सिनेमात माझे मामा होते. आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात.

आत्या सेलूत राहते. मामा तिथंच कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. त्यांचं लग्न नवंनवं असताना येलदरी धरणाकडं या सिनेमाचं शूटिंग आलं. हडळीच्या मागं मशाली घेऊन पळायला गावकरी पाहिजे होते. मामा उंचेपुरे, मिशा झुपकेदार. त्यांना सगळ्यांच्या पुढं उभं केलं आणि बोलायला एक डायलॉगसुद्धा दिला. एकच, पण सेलूत त्यांची काय वट वाढली म्हणता! पानटपरीवर लोक त्यांना हिरो म्हणून हाक मारायचे.

सिनेमा परभणीला लागला तेव्हा आत्याला दिवस गेलेले. पोटुशीनं भुताखेताचं बघायचं नसतं म्हणून तिच्या सासूनं तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. मामा एकटेच बघून आले. "बाळंतपण होऊ दे, मग जोडीनं जाऊ," म्हणाले. तोवर सिनेमा उतरला. आणि पोरगं अजून रांगत होतं तेव्हाच मामा काविळीनं गेले.

पुढं गल्लोगल्ली व्हिडिओचं खूळ आलं. कुणीतरी व्हीसीआर भाड्यानं आणला की लोक मारामारीचे सिनेमे मागायचे, आमच्या आत्यानं हट्टानं हा मागवला. लेकराला कुशीत घेऊन सगळ्यांच्या पुढं बसली. हडळ निघाली, विहिरीत शिरली, आणि एकदम सकाळच झाली! मशाली नाहीत, गावकरी नाहीत, मामा नाहीत. कॅसेट काढणाऱ्यांनी लांबण नको म्हणून नेमका तेवढाच भाग उडवलेला. नंतर सीडी निघाली, तीही त्या कॅसेटवरूनच. मेल्यांना कापायला दुसरं काही सापडलं नाही? झाडाभोवतीचं गाणं मात्र अख्खं ठेवलं होतं, संपता संपत नव्हतं.

"फोटो हाय गं भिंतीवर," आत्या मला म्हणायची. "त्यो रोज बघते. पण आवाज कुठून आणू? आठवायला बसलं तर आता येतच न्हाई." तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, आता चाळिशी ओलांडलेला आहे. बापाचा आवाज कसा होता, हे त्याला ठाऊकच नाही.

आणि एके दिवशी मोबाइलवर बातमी दिसली, की कुठल्याशा गोदामात त्या सिनेमाची पूर्ण रिळं सापडलीत आणि कापलेल्या भागासकट तो नव्यानं डीव्हीडीवर काढलाय. भुताचे सगळे सिनेमे मिळून कधी आला नव्हता तो काटा तेव्हा माझ्या अंगावर आला.

डीव्हीडी आली, पण ती लावायची कशावर? आतेभावानं एका मित्राच्या माळ्यावरून धूळ खात पडलेला प्लेअर हुडकून आणला. रविवारी दुपारी मी सेलूला पोचले तर आत्या ठेवणीतली साडी नेसून टीव्हीसमोर हजर.

हडळ निघाली. विहीर आली. आणि या खेपेला मशाली आल्या! सगळ्यांच्या पुढं मामा, कोवळे, पंचविशीतले. आत्यानं माझा दंड गच्च धरला. मामांनी तोंड उघडलं आणि आतून भलताच आवाज निघाला. जाड, घोगरा, बातम्या देतात तसल्या स्वच्छ हिंदीतला. मुंबईला नेऊन दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज त्यांच्या तोंडाला चिकटवला होता.

"ह्यो कोण बोलायलाय?" आत्या म्हणाली.

मला रडूच कोसळलं. कुठून दुर्बुद्धी सुचली आणि हे मागवलं, असं झालं. आतेभाऊ टीव्ही बंद करायला उठला.

"थांब," आत्या म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, पण ती हसत होती. "आता कळलं मला. पिच्चर बघून आले तवा जेवलेच न्हाईत. म्या इचारलं, कसा झालाय तुमचा डायलॉग? तर म्हणले, एकदम झकास. आन् मग दिवसभर गप. मला वाईट वाटंल म्हणून सांगितलंच न्हाई बघ त्या माणसानं."

बिचारे मामा! सगळं सेलू हिरो हिरो करत असताना पोटातली गोष्ट पोटातच ठेवून फिरले.

"आता मागं घे," ती मुलाला म्हणाली. "आन् त्या मेल्याचा आवाज बंद कर."

त्यानं तसं केलं. मामा पुन्हा धावत आले, पुन्हा तोंड उघडलं, आणि त्यांच्या ओठांवर डोळे रोवून आत्या केवढ्यांदा ओरडली, "अरे वो देखो रे, बावडी में कूदी वो! पकडो उसकू!"

शेवटी तिचा आवाज चिरकला. "अस्सं! अस्संच म्हणायचे," ती धापा टाकत म्हणाली. "शूटिंगच्या आधी घरात म्हणून म्हणून डोकं उठवलं होतं माझं. पकडो म्हणताना असाच चिरकायचा त्यांचा."

आतेभाऊ रिमोट धरून उभाच होता. एवढा बाप्या माणूस, पण तिच्या पायाशी येऊन खाली बसला.

"माय," तो म्हणाला, "अजून एकदा म्हण."