रोह्याच्या कारखान्यात चौकटीची पूजा

गडबच्या माझ्या आत्याचं घर हायवे रुंद करताना गेलं. तेव्हापासून ती भाड्याच्या खोलीत. मी घरांचे नकाशे करते. जागेची मापं दिली की कॉम्प्युटरच खोल्या मांडतो आणि भिंती रोह्याजवळच्या कारखान्यातून तयार होऊन येतात. आत्याचं नवं घरही तसंच करायचं मी ठरवलं. "असलं साच्यातलं घर?" आत्यानं नाक मुरडलं. मी म्हटलं, "पेणचे गणपती साच्यातलेच ना?" पण ती कसली ऐकतेय!

"गणपतीची पूजा घरी करतो गो. ही चौकट भिंतीत बसूनच येनार, मग तिची पूजा कवा? बिनपूजेच्या दारातून मी आत पाऊल ठेवनार नाय."

आत्याचा हट्ट म्हणजे हट्ट. शनिवारी सकाळी निघालोच.

गडबहून रोह्याला जायचं तर नागोठण्याला वळून भिसे खिंडीतून जा. रस्ता वळणावळणाचा, पण झाडी अशी की घाई करावीशीच वाटत नाही. वडापाव नागोठण्यातच खाऊन घ्या, पुढे कारखान्यापाशी चहासुद्धा मिळत नाही. आत्यानं काही खाल्लं नाही, पूजेआधी कसं खाणार? मांडीवर नारळ, आंब्याची पानं आणि हळदीकुंकवाच्या डब्या सांभाळत बसली होती.

शेडमध्ये पट्ट्यावरून चौकटी सरकत होत्या आणि यंत्र त्या उचलून भिंतीत बसवत होतं. आत्यानं सुपरवायझरला विचारलं, "यातली माजी कंची?"

तो बिचारा अडखळला. "मावशी, सगळ्या एकाच मापाच्या. जी पुढे येईल ती यंत्र उचलतं. कुठली कुठल्या घराला जाईल, आत्ता नाही सांगता येत."

आत्याचा चेहरा पडला. एवढ्या हौसेनं आलेली बाई! आता काही ती त्या घरात राहत नाही, असंच वाटलं मला.

तिनं पदर खोचला. "जरा थांबवा तुमचा पट्टा. समद्यांनाच लावते."

"मावशी, नंतर रंग देतात. कुंकू दिसणार नाही."

"दिसाया कशाला पायजे? असलं म्हंजे झालं."

तो हसला आणि त्यानं बटण दाबलं. नारळही त्यानंच फोडला. आत्या एकेका चौकटीला हळदकुंकू लावत, काहीबाही पुटपुटत पुढे गेली, आणि मी पानं धरून मागे. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू?

परतताना रोह्यात खानावळीत भाकरी आणि वालाचं बिरडं खाल्लं, तेवढ्यासाठीसुद्धा जा. बाकी रोह्यात बघण्यासारखं पुष्कळ आहे, आम्ही काहीच पाहिलं नाही. पण येताना गाडीत आत्या पहिल्यांदा "माज्या घरात" असं म्हणाली. मला तेवढं पुरे.

गडबला पोचल्यावर चहा गाळता गाळता तिनं विचारलं, "बाकीच्या चौकटी कुनाकुनाच्या गो?"

"काय माहीत, आत्या."

"वास्तुशांतीला बोलवतील ना आपल्याला?"