देवाला न लागलेला हात

चिंचेच्या कोळाने देव घासले की पितळेला एक आंबटसर, ओलसर वास येतो. काल जठारपेठेतल्या या नव्या फ्लॅटमध्ये सुताराने देवघर भिंतीला बसवून दिलं आणि आज सकाळी अमरावतीहून आणलेल्या डब्यातून मी एकेक देव बाहेर काढून घासला. अन्नपूर्णा, बाळकृष्ण, खंडोबाचा टाक. दिशा कोणती, खाली वस्त्र कोणत्या रंगाचं, याबद्दल शेजारणींनी भरपूर सल्ले दिले, मी मान डोलावत राहिले. पण तो वास नाकात शिरला आणि हातातला बाळकृष्ण मी तसाच खाली ठेवला.

हे देव माझ्या सासूबाईंचे. अमरावतीच्या घरी त्यांचा पलंग अशा जागी होता की तिथून देवघर सरळ दिसे. हृदयाचं ऑपरेशन होऊन त्या घरी आल्या आणि पूजा माझ्याकडे आली. एखादं फूल उलटं वाहिलं तरी त्यांना पलंगावरून कळायचं. खरं सांगायचं तर देवापेक्षा मला त्यांचाच धाक जास्त होता.

त्याच आठवड्यात माझा धाकटा दीर बडनेऱ्याहून ड्यूटी करून परतताना गाडीवरून पडला आणि गेला. पंचविशीतला पोरगा, लग्नाचं बोलणं चाललेलं. डॉक्टरांनी बजावलं की इतक्यात आईंच्या कानावर घालू नका, त्यांना सोसायचं नाही. मग वलगावला चुलत सासऱ्यांच्या घरून परस्पर सगळं उरकलं. अग्नी चुलतभावाने दिला, कारण माझ्या नवऱ्याने डोक्यावरचे केस उतरवले असते तर ते लपलं नसतं. आईंना सांगितलं, तो भुसावळला ट्रेनिंगला गेलाय, तिकडे फोन लागत नाही. भेटायला येणाऱ्यांना दारातच थांबवून समज दिली जाई. मी बाथरूमचा नळ सोडून रडून घेत असे.

आम्ही सगळं सांभाळलं, फक्त देवघराचा विचार केला नाही. घरात सुतक, म्हणजे देवाला शिवायचं नाही. आणि पूजा थांबवली तर पलंगावरून पहिला प्रश्न तोच येणार. मी आपला मधला मार्ग काढला. आईंकडे पाठ करून बसत असे, रिकाम्या ताम्हनात पळीने पाणी सोडत असे, घंटा वाजवून उदबत्ती लावत असे. देवांना मात्र बोट लावत नसे. आज कोणी विचारलं तर मी म्हणेन, लावायला हवं होतं, देव काही रागावला नसता. पण तेव्हा हात पुढे जाईना. घरातलं एक माणूस गेलेलं, आता आणखी काय ओढवून घ्यायचं, ही भीती पोटात बसली होती. शेवंतीची जुनी फुलं देवांच्या डोक्यावर काळी पडत चालली होती आणि आईंची नजर माझ्या पाठीला कळत होती.

चौथ्या सकाळी नवरा त्यांच्या उशाशी चहाची बशी धरून बसला होता. मी घंटा खाली ठेवली, तेव्हा मागून त्या सावकाश म्हणाल्या, "चार दिवस झाले, तू देवाले हात लावून नाई राहिली."

बोट कापलंय, असं काहीतरी मी पुटपुटले. त्यांनी ते ऐकूनही घेतलं नाही.

"घरात सुतक हाय. कोण गेलं, सांग मले."

त्यांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग माझ्याकडे वळल्या.

"मोठा तर माह्या समोर बसून हाय."

ज्या हृदयाला आम्ही एवढं जपलं, ते त्या सकाळी बंद पडलं नाही. पुढे नऊ वर्षं चाललं. पण आमच्या तोंडच्या शब्दावर त्यांनी परत कधी विश्वास ठेवला नाही. रोज पूजेच्या वेळी त्या माझ्या बोटांकडे टक लावून बघत आणि माझा हात बाळकृष्णाला लागला की मगच चहाचा कप उचलत. मला त्याचा राग येई, वाईटही वाटे. खोटं मायेपोटी बोललो होतो, पण शेवटी खोटंच.

आता त्या नाहीत. माझा मुलगा परगावी असतो, मोटारसायकलने कामावर जातो. सुनेचा रोज फोन येतो. सगळं बरं आहे म्हणते, आणि मी तिला म्हणते, बाई, व्हिडिओ लाव, मला तुमचं देवघर बघू दे.